उंबऱ्याशी अडलेले पाय



मागे एकदा एका सोयरिकीच्या बोलणीसाठी आम्ही केज तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. घर ऊसतोडीवर जाणाऱ्यांचे. बोलणी ओसरीवर चालली होती आणि आतून घरातले आजोबा बाहेर यायला निघाले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. उभे आयुष्य कोयत्यावर गेलेले, त्यामुळे हाडापेराने माणूस दणकट. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची बोटे, तळहातावर तंबाखू मळावी तशी, सारखी हलत होती. आखूड पावले टाकत तात्या चौकटीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. पाय जमिनीला डकवून ठेवल्यासारखे. अंग पुढे झुकलेले, टाचा किंचित वर, पण पाऊल काही उचलेना.

सूनबाई पाणी घेऊन येत होत्या. दार अडलेले पाहून त्या त्रासल्या. म्हणाल्या, "मामा मुद्दाम करतेत हो. विहाराच्या पायऱ्या कशा चढतेत बघा एकदा. अन् घरात चार पावलं टाकायची तर असं!"

आम्हीही मोठ्या शहाणपणाने पुढे झालो. "चला की तात्या, उचला पाय," असे म्हणून त्यांचा हात धरला आणि ओढला. अंग पुढे आले, पाय मागेच राहिले. लेकाने झटकन कमरेला धरले म्हणून तोंडावर पडायचे वाचले. सोयरिकीच्या बैठकीत आमचे तोंड कसे झाले असेल ते सांगायला नको. पुढे या आजाराविषयी जे वाचले, डॉक्टरांना विचारले, ते आज या पानावर देत आहोत, ते मुख्यतः सूनबाईंच्या त्या एका वाक्यासाठी. पायऱ्या चढणारा माणूस सपाट जमिनीवर अडतो, हे सोंग नाही. त्याला कारण आहे, आणि त्या कारणाचा एक भाग डोळ्यांशी जोडलेला आहे.

आजाराचे नाव पार्किन्सन. आयुर्वेदात याच्याशी मिळत्याजुळत्या लक्षणांना कंपवात म्हणतात आणि आपल्या बोलण्यातही तोच शब्द आहे. हा लकवा नव्हे. लकव्यात अंगातली ताकद जाते. इथे ताकद असते, पण मेंदूकडून पायाला निघालेला हुकूम वाटेत रेंगाळतो. मेंदूच्या खोल भागात काही पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिची लय सांभाळणे, हे त्याच्या जोरावर चालते. या पेशी हळूहळू मरत जातात. मग हात थरथरतो, अंग ताठरते, चाल मंदावते, चेहरा मख्ख दिसू लागतो. घरच्यांना वाटते, म्हातारा रागावलाय. जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा मुहंमद अली याला 1984 साली हाच आजार असल्याचे निदान झाले. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरता हात साऱ्या जगाने पाहिला. तेव्हा हा आजार अंगमेहनत करणाऱ्याला होत नाही, असे कुणी समजू नये.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने सहा रुग्णांवरून या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले. त्यातले काहीजण तर त्याने नुसते रस्त्याने जाताना पाहिलेले होते. निरीक्षण मोठे बारीक, पण त्याने असेही लिहून ठेवले की या आजारात इंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात. मोठ्या माणसाने लिहिले की पुढचे तेच गिरवतात, हे सगळ्याच शास्त्रांत चालते. दीडशे वर्षांहून अधिक काळ डॉक्टर हात आणि पाय पाहत राहिले, डोळ्यांकडे फार कुणी पाहिले नाही. 1978 साली न्यूयॉर्कमध्ये बोडिस-वॉलनर आणि यार या दोघांनी रुग्णांना चित्रे दाखवून मेंदूपर्यंत संदेश पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजले. अनेक रुग्णांत तो उशिरा पोहोचत होता. 1990 साली कॅनडातील संशोधकांनी, निधन पावलेल्या रुग्णांच्या डोळ्यांचे पडदे तपासले. ज्यांना शेवटी औषध मिळालेले नव्हते त्यांच्या पडद्यात डोपामीन कमी आढळले. म्हणजे जे द्रव्य मेंदूत आटते, ते डोळ्यातही आटते.

डोळ्याला त्याची गरज कशासाठी? उजेड-अंधाराशी जुळवून घेण्यासाठी, आणि एका रंगाशेजारचा त्याच्यासारखाच दुसरा रंग वेगळा ओळखण्यासाठी. दवाखान्यात भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात, त्यात पांढऱ्यावर काळीभोर अक्षरे असतात. ती तात्याही वाचतात. मग चष्मेवाला सांगतो, नजर चांगली आहे. पण जग काही पांढऱ्यावर काळे नाही. सिमेंटच्या पायरीपुढे सिमेंटचीच जमीन असते, करड्या फरशीवर करडे पायपुसणे असते, तिन्हीसांजेला रस्त्यावर मातकट खड्डा असतो. इथे फिकट आणि त्याहून थोडे गडद, एवढाच फरक असतो, आणि नेमका तोच या रुग्णांना पुसट दिसतो. हे मोजण्यासाठी 1988 पासून एक निराळा तक्ता वापरात आहे. त्यात अक्षरे लहान होत जात नाहीत, सगळी एकाच आकाराची, पण ओळीओळीने फिकी होत जातात.

दुसरी गोष्ट हालचालीची. समोरून येणारी मोटारसायकल किती वेगाने येते, जवळ किती आली, हा अंदाज डोळा सारखा बांधत असतो. आपण चालतो तेव्हाही भोवतालची जमीन, भिंत, दार डोळ्यांपुढून मागे सरकत असते आणि त्यावरून मेंदू आपल्या चालीचा हिशोब ठेवतो. अमेरिकेतील आयोवा येथे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बुद्धी शाबूत असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांतही फिका-गडद भेद आणि हालचाल ओळखणे ही दोन्ही कामे निरोगी माणसांपेक्षा कमी भरली. म्हणून बसस्टँडवर, बाजारात अशा माणसाला एकट्याने रस्ता ओलांडायला लावू नये. गाडी दिसत नाही असे नाही, दिसते, पण तिचा वेग चुकतो.

आता तात्यांच्या पायऱ्यांकडे येऊ. याचे उत्तर आम्हाला पुण्याच्या एका मुलीच्या कामात सापडले. मिलेहा सोनेजी तिचे नाव. नेदरलँड देशात वस्तू-रचनेचे, म्हणजे डिझाईनचे शिक्षण तिने घेतले. पुण्याच्या एकत्र कुटुंबातल्या तिच्या काकांना पार्किन्सन होता. हा माणूस घरात सपाट फरशीवर आधाराची चौकट घेऊन कसाबसा चालायचा. तिने एकदा त्यांना जिना उतरताना पाहिले तर न अडता पायऱ्यामागून पायऱ्या उतरले. तीही आपल्या सूनबाईंसारखीच चकित झाली. पण तिने "मुद्दाम करतात" म्हटले नाही. जिन्यात असे काय आहे जे फरशीत नाही, असे तिने स्वतःला विचारले. जिन्यात पुढची पायरी डोळ्यांना स्पष्ट दिसते, तिच्यापुढची दिसते, आणि एकातून दुसरी अशी चाल लागून जाते. मग तिने जिन्याचे चित्र काढून ते सपाट जमिनीवर घातले. नुसते चित्र, उंचवटा काही नाही. काका त्यावरून सरळ चालत गेले, आणि चित्र जिथे संपले तिथे पुन्हा थबकले. 2015 साली तिने एका जाहीर व्याख्यानात हे चलचित्रासह दाखवले आणि विचारले की असा जिना घरभर का काढू नये? त्याच काकांना चारचौघांत चहा प्यायला संकोच वाटे, कारण हात थरथरून चहा सांडायचा. त्यांच्यासाठी तिने आतल्या बाजूला वळलेल्या काठाचा कपही तयार केला. चहा उसळला तरी काठाला लागून आतच परततो.

आम्हाला यात सगळ्यात मोलाचे वाटते ते तिचे बघणे. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. घरातला माणूस कुठे अडतो आणि कुठे अडत नाही, हे तिने शांतपणे पाहिले.

डॉक्टर मंडळींना या गोष्टीचा सुगावा पूर्वीच लागला होता. लंडनच्या पर्डन मार्टिन यांनी 1967 साली लिहून ठेवले की जमिनीवर वाटेच्या आडव्या रेषा आखल्या तर अडलेले रुग्ण चालू लागतात. वाटेबरोबर उभ्या आखलेल्या रेषांनी ते होत नाही. 1999 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी यात आणखी एक गंमत शोधली. वरातीत डीजेवर लुकलुकणारा दिवा आपण पाहिला असेल. त्या उजेडात नाचणारी पोरे तुटक तुटक, जागच्या जागी गोठल्यासारखी दिसतात, हालचाल दिसत नाही. तसल्या दिव्याखाली रुग्णांना आडव्या रेषांवरून चालवले. रेषा दिसत होत्या, पण चालताना त्या डोळ्यांपुढून मागे सरकताना दिसत नव्हत्या. रेषांचा फायदा नाहीसा झाला. याचा अर्थ, पायाला चालना देते ते नुसते रेषेचे असणे नव्हे, तिचे डोळ्यांपुढून सरकणे.

यात कुणाला कोडे पडेल. हालचाल ओळखण्यात हा डोळा कमी पडतो असे आत्ताच म्हटले, मग हालचालच कशी मदत करते? उत्तर रेषेच्या ठसठशीतपणात आहे. एकसारख्या करड्या फरशीवर डोळ्याला धरायला काही नसते. काळ्यावर पांढरी ठळक रेषा असली की दुबळ्या डोळ्यालाही ती सरकताना कळते. शिवाय सवयीने आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडलेली असली, तरी डोळ्यांनी पाहून, एकेक लक्ष्य गाठत चालण्याची दुसरी वाट बरीचशी शिल्लक असते. आडवी रेषा पायाला त्या दुसऱ्या वाटेवर घेते. 2010 साली नेदरलँडमधील डॉक्टरांनी असा एक रुग्ण जगापुढे आणला की ज्याला चार पावले नीट चालता येत नव्हती, पण सायकल मात्र झकास चालवायचा. (म्हणून आपल्या आजोबांना कुणी सायकलवर बसवू नये. तिकडचे रस्ते निराळे.)

चौकटीतच पाय का अडतात, तेही सांगितले पाहिजे. दार म्हणजे अरुंद जागा. जवळ जाताना दोन्ही बाजू डोळ्यांपुढे झपाट्याने रुंदावत येतात. निरोगी मेंदू त्याकडे लक्षही देत नाही, पण या आजारात पाऊल आखडते आणि थांबते. घाई केली, ओरडले, ओढले, की जास्तच थांबते. आम्ही जे केले ते सर्वांत वाईट.

तात्यांच्या घरी दुसऱ्यांदा गेलो ते हे सगळे सांगायलाच. घर मातीचे, जमीन शेणाने सारवलेली, म्हणजे गडद. पुण्याच्या चित्रासारखे काही काढायला आम्ही चित्रकार नाही. आम्ही चुना कालवला. ओट्यापासून चौकटीपर्यंत आणि चौकटीपलीकडे दोन हात, असे वाटेला आडवे पट्टे ओढले. पट्टा तीन बोटे रुंद. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर एक हात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. उंबऱ्याची कड पांढरी केली. तात्यांना म्हटले, "पट्ट्यावर पाय नका देऊ, ओलांडून टाका." पहिल्या पट्ट्यापाशी ते क्षणभर थांबले, मग पाय उचलला. दुसरा, तिसरा. चौकट कधी ओलांडली ते त्यांनाही कळले नाही. सूनबाई चुलीपाशी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण भाकरी तव्यावर करपली, एवढे आम्ही पाहिले.

चमत्कार म्हणून हे सांगत नाही. पट्टे संपले तिथे, अंगणात, तात्या परत थबकलेच. सगळ्याच रुग्णांना याचा सारखा उपयोग होत नाही. काहींना पट्टे काही महिन्यांनी जुने होतात, लक्ष जाईनासे होते. तेव्हा रंग आधी घालू नये. खडूने आखून माणूस हाताशी ठेवून चालवून पाहावे, गुण दिसला तर पक्के करावे. जमीन फिकी असेल, शहाबादी किंवा सिमेंटची, तर पट्टे काळे किंवा गडद तेलरंगाचे. वर्तमानपत्र, गोणपाट, चटई अंथरून पट्टे करू नयेत, पाय घसरेल. सुकी रांगोळीही नको. बाहेर कुठे पाय अडलाच तर सोबतच्याने आपले पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवे ठेवावे आणि ते ओलांडायला सांगावे. अनेकांना तेवढ्याने वाट सुटते.

ताटाचेही असेच. तात्या भात अर्धा ठेवतात म्हणून घरच्यांनी जेवण सुटल्याची धास्ती घेतली होती. पांढरा भात, चकचकीत स्टीलचे ताट, वर चाळीसच्या दिव्याचा मिणमिणता उजेड. ताटाच्या कडेचा भात दिसत नसणार, असे आम्हाला वाटले. बाजरीची भाकरी दिसते, ज्वारीची दिसत नाही, ही गंमत घरच्यांनीच मग ताडून पाहिली. बोस्टनच्या संशोधकांनी 2004 साली स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे अल्झायमरच्या, बळावलेल्या अवस्थेतील रुग्णांना गडद लाल रंगाच्या ताट-पेल्यांतून जेवण दिले. खाणे सुमारे 25 टक्क्यांनी आणि पिणे सुमारे 84 टक्क्यांनी वाढले. आजार निराळा, पण फिका-गडद भेदाची अडचण त्यांनाही असते. लाल किंवा निळी प्लॅस्टिकची थाळी बाजारात स्वस्तात मिळते. दूध, ताक गडद पेल्यात द्यावे, चहा पांढऱ्या कपात.

रात्रीची गोष्ट अधिक जपण्याची आहे. अंधुक उजेडात खुंटीवरचा सदरा या रुग्णांना माणूस वाटू शकतो. कोपऱ्यातले गाठोडे कुत्रे वाटते. कुणीतरी शेजारी उभे आहे असा भास होतो. हा आजाराचाच भाग असतो, कधी औषधाच्या मात्रेचाही. अशा वेळी देवऋष्याकडे नेऊन अंगारे लावण्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. खुंटीवरचे कपडे काढावेत, न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा, आणि भास होतात ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. पुष्कळ म्हातारी माणसे हसतील म्हणून ती लपवतात.

आमच्या विहारांबद्दलही एक सूचना. अलीकडे बऱ्याच ठिकाणी पांढरी गुळगुळीत फरशी बसली. पायऱ्याही पांढऱ्या, वरचा चौथराही पांढरा, त्यात वंदनेला आलेले सगळे पांढऱ्या वस्त्रांत. दिसायला प्रसन्न, पण फिका-गडद न कळणाऱ्या डोळ्यांना शेवटची पायरी कुठली आणि चौथरा कुठला हेच समजत नाही. पायरीच्या कडेला चार बोटांचा निळा पट्टा मारला तर मोतीबिंदू झालेल्या आज्जीलाही त्याचा उपयोग होईल. निळ्या रंगाचा डबा कुठल्याही विहारात शोधावा लागत नाही.

औषधाबद्दल थोडेसे. लेव्होडोपा या औषधाचे शरीरात डोपामीन होते. हालचालीबरोबर त्याने फिका-गडद ओळखण्याची शक्तीही काही प्रमाणात सुधारते, असे अभ्यासांत दिसले आहे. हेच द्रव्य आपल्या कुंपणावरच्या खाजकुहिलीच्या बियांत आहे. 1937 साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढले. म्हणून घरी बिया कुटून देऊ नयेत. किती द्रव्य पोटात गेले ते कळत नाही आणि चालू गोळ्यांशी गाठ पडते. गोळ्या ठरल्या वेळी द्याव्यात आणि मनाने एकदम बंद कधीही करू नयेत. ऊसतोडीला जाताना म्हातारे मागे राहत असतील तर ज्या शेजाऱ्यावर गोळ्या सोपवता, त्याला वेळ आणि पट्ट्यांची रीत दोन्ही समजावून जावे.

मोतीबिंदूनेही फिके-गडद पुसट होते, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. जाताना रुग्ण कुठे अडतो, कुठे अडत नाही, गोळी घेतल्यावर किती वेळाने, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांपुढे पाच मिनिटांत सगळे आठवत नाही. आणि आणखी एक कागद आणावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यात पार्किन्सनचे नाव आहे. प्रमाणपत्रासाठी आधारकार्ड, फोटो आणि उपचाराचे जुने कागद लागतात. तात्यांचे जुने कागद पत्र्याच्या पेटीत उंदरांनी कुरतडले होते, म्हणून त्यांना सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागल्या. ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावेत.